मानेतली गाठ आणि मज्जातंतू

मानेवरून हात फिरवताना बोटाला गाठ लागली, की माणसाच्या मनात दोनच विचार येतात. "असेल काहीतरी, जाईल आपोआप," हा एक. आणि "झालं, कॅन्सर झाला," हा दुसरा. पहिला विचार करणारा माणूस वर्ष-दोन वर्षे गाठ बाळगून हिंडतो. दुसरा विचार करणारा घाबरून जो कोणी जी वाट दाखवील तिने धावत सुटतो. आज लेप, उद्या डाग, परवा अंगारा. नुकसान दोघांचेही होते.

मानेतल्या गाठी नाना प्रकारच्या असतात. त्यांतल्या एका कमी आढळणाऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे मज्जातंतूंवर येणाऱ्या गाठींविषयी, आज चार गोष्टी सांगणार आहे. कमी आढळते तर मग सांगायची कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की ही गाठ बहुतेक वेळा साधी असते, जिवावर उठत नाही. पण तिच्यावर अजाण हात पडला तर माणसाचा आवाज बसतो, खांदा पडतो किंवा हात लुळा होतो. रोगापेक्षा घाईचा उपचार महाग पडावा, अशी ही गाठ आहे. म्हणून ती ओळखावी कशी आणि ओळखल्यावर करावे काय, हे थोडे सविस्तर पाहू.

आधी मानेची रचना ध्यानात घ्या. डोके आणि धड यांच्यामधली मान ही एखाद्या घाटातल्या अरुंद खिंडीसारखी आहे. खिंडीतून गाडीरस्ता जातो, त्याच्या कडेने ओढा वाहतो आणि वरून तारा जातात. मानेतही तसेच आहे. पुढे श्वासनलिका, तिच्यामागे अन्ननलिका, त्यामागे मणक्यांची माळ आणि त्या माळेच्या पोकळीत मज्जारज्जू. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त पोचवणारी जाड रोहिणी आणि मेंदूकडून रक्त परत आणणारी नीला. आणि या सगळ्यांच्या अधूनमधून गेलेल्या तारा म्हणजे मज्जातंतू.

या तारांपैकी चार-पाच आपल्या आजच्या कामाच्या आहेत. मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांतली दहावी, तिला व्हेगस म्हणतात, रोहिणी आणि नीला यांच्या बेचक्यातून खाली उतरते. आपले स्वरतंतू हलवण्याचे काम तिच्या फांद्या करतात. गिळण्यातही तिचा वाटा असतो. अकरावी तार खांद्याकडे जाते. खांदा उचलणे आणि हात डोक्यावर नेणे हे तिच्यावर अवलंबून असते. रोहिणीच्या मागे, मणक्यांच्या पुढे एक बारीक साखळी असते. ती डोळ्याची बाहुली, पापणी आणि चेहऱ्यावरचा घाम सांभाळते. मानेच्या मणक्यांतून आठ जोड्या बाहेर पडतात. त्यांतल्या खालच्या जोड्या छातीच्या पहिल्या जोडीशी मिळून मानेच्या बुडाशी एक जाळे विणतात. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या साऱ्या हालचाली या जाळ्यातून होतात. मणक्यांतूनच निघालेली आणखी एक तार छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला हलवते. आपला श्वास तिच्यावर चालतो. एवढी महत्त्वाची मंडळी इतक्या थोड्या जागेत दाटीने नांदतात. म्हणून मानेत सुरी चालवणे हे पाठीवरचे गळू फोडण्याइतके सोपे काम नव्हे.

आता ही गाठ येते कशी? विजेच्या तारेवर जसे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टण असते, तसे मज्जातंतूच्या धाग्यांभोवती पेशींचे वेष्टण असते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्या पेशींना श्वानच्या पेशी म्हणतात. सर्व प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली आहेत, हा सिद्धान्त १८३९ साली मांडणारा तोच हा श्वान. कधीकधी या वेष्टणातली एखादी पेशी उगाचच वाढू लागते, तिच्या दोनाच्या चार, चाराच्या आठ पेशी होतात आणि तारेच्या एका अंगाला गोलसर गाठ तयार होते. तिला श्वानोमा म्हणतात. तिच्याभोवती स्वतःचे पातळ आवरण असते आणि मूळ तारेचे धागे त्या आवरणावर पसरून बाजूला सारले गेलेले असतात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. उपचाराची सगळी किल्ली तिच्यात आहे. १९१० साली होसे व्हेरोकाय नावाच्या डॉक्टरने या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे वर्णन केले. पेशींची केंद्रे शाळेतल्या कवाईतीच्या मुलांसारखी ओळी धरून उभी असलेली त्यांत दिसतात. आजही प्रयोगशाळेतले डॉक्टर त्या ओळींवरून ही गाठ ओळखतात.

दुसरा प्रकार न्यूरोफायब्रोमाचा. यात गाठ तारेच्या एका अंगाला राहत नाही. तारेचे धागे गाठीच्या आतूनच गेलेले असतात. पहिली गाठ म्हणजे दोरीला चिकटलेला गोळा, तर दुसरी म्हणजे दोरीचाच फुगलेला भाग. पहिलीत दोरी वाचवून गोळा काढण्याची आशा असते; दुसरीत ती आशा पुष्कळ कमी असते. दोन्ही गाठी बहुधा सौम्य, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात. श्वानोमाचा तर कॅन्सर होणे फारच विरळा.

पण श्रोतेहो, मानेत गाठ दिसली की लगेच ती मज्जातंतूची म्हणू नका. आपल्याकडे मानेतल्या गाठीचे कारण बहुधा दुसरेच असते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तसेच दात किडला, घसा आला, डोक्यात फोड झाले, की मानेत अवधाण येते. मूळ दुखणे बरे झाले म्हणजे दोन-तीन आठवड्यांत ते ओसरते. दुसरे कारण क्षयाचे. जुन्या लोकांनी याला गंडमाळ हे नाव दिले ते उगीच नाही. एकीला एक चिकटून गाठींची माळच होते, पुढे ती पिकते, फुटते आणि वाहत राहते. कधी बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे हेही सोबत असते. तिसरे कारण गलगंडाचे. ही गाठ गळ्याच्या पुढच्या बाजूला असते आणि घोट गिळताना वरखाली होते. चौथे कारण सर्वांत गंभीर. तंबाखू, गुटखा, मशेरी किंवा विडी यांची सवय असलेल्या माणसाच्या मानेत कठीण, जागची न हलणारी गाठ आली, तर ती तोंडातल्या किंवा घशातल्या कॅन्सरची पसरलेली गाठ असू शकते. अशा माणसाने एक दिवसही दवडू नये.

या सर्वांच्या मागून मज्जातंतूच्या गाठीचा नंबर लागतो. तिची चाल निराळी असते. ती बहुतेक मध्यम वयात येते, एकटीच येते, दुखत नाही, ताप आणत नाही, पिकत नाही. वर्षाला काही मिलिमीटर, इतकी सावकाश ती वाढते. पुष्कळांना ती दाढी करताना किंवा मंगळसूत्र घालताना हाताला लागते, तोवर पत्ताही नसतो.

डॉक्टर हाताने तपासतात तेव्हा तिची एक खूण पाहतात. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधलेली असते. तिच्या मधोमध गाठ मारली, तर ती गाठ दोरीसकट या बाजूला, त्या बाजूला हलवता येते. पण दोरीच्या लांबीने पुढेमागे सरकत नाही. मज्जातंतूच्या गाठीचे तसेच असते. मानेत ती आडवी हलते, उभी हलत नाही. मात्र एवढ्या एका खुणेवर निकाल देता येत नाही. मोठी रोहिणी जिथे दुभागते तिथे येणारी एक रक्ताळ गाठही अशीच वागते, आणि ती सर्वस्वी वेगळी वस्तू आहे.

बाकीच्या खुणा गाठ कोणत्या तारेवर बसली आहे त्यावर ठरतात. व्हेगसवर असेल तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. आणि गाठ दाबली की एकाएकी खोकल्याची उबळ येते. ही उबळ फार बोलकी खूण आहे. डोळा सांभाळणाऱ्या साखळीवर असेल तर त्या बाजूची पापणी किंचित उतरते, बाहुली लहान दिसते आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम कमी येतो. झुरिकच्या योहान हॉर्नर या नेत्रवैद्याने १८६९ साली हे लक्षण नोंदवले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. हाताकडे जाणाऱ्या जाळ्यात असेल तर गाठीवर टिचकी मारताच बोटांपर्यंत झिणझिण्या जातात, हाताला मुंग्या येतात, मुठीतला जोर कमी होतो. अकराव्या तारेवर असेल तर खांदा उतरतो. आणि सर्वांत सावध राहायचे ते मणक्याजवळच्या गाठीविषयी. कधीकधी गाठीचा अर्धा भाग मणक्याच्या आत आणि अर्धा बाहेर, मध्ये बारीक मान, असा व्यायामाच्या डंबेल्ससारखा आकार होतो. बाहेरून ती सुपारीएवढी दिसते. आतून मात्र मज्जारज्जू दाबत असते. अशा माणसाचे पाय जड पडू लागतात, चालताना तोल जातो, लघवीचा ताबा सुटतो. असे काही दिसले तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. पुष्कळ रुग्णांत यांतली एकही खूण नसते. नुसती गाठ असते. म्हणून खूण नाही तर गाठ साधी, असा उलटा हिशेब करू नका. सरळ हिशेब असा, की मोठ्या माणसाच्या मानेतली कोणतीही गाठ दोन आठवड्यांत ओसरली नाही, तर ती डॉक्टरला दाखवलीच पाहिजे.

आता काय करू नये ते सांगतो. बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. बिब्ब्याने कातडी जळते आणि गाठ जिथल्या तिथे राहते. पुढे शस्त्रक्रिया करायची तर त्या जळक्या कातडीतून जखम भरून येणे कठीण होते. गाठ चोळू नका, वाटीने शेकू नका. तपासणी केल्यावाचून, "मानेत गाठ आहे ना, मग क्षयच," असे म्हणून कोणी औषधे सुरू करीत असेल, तर तपासणी मागा. क्षयाची तपासणी आणि औषधे दोन्ही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मात्र क्षय सिद्ध होऊन औषधे चालू असतील, तर माझे हे भाषण ऐकून ती बंद करू नका. त्या उपचारात गाठ काही काळ वाढल्यासारखी वाटू शकते. ते डॉक्टरलाच दाखवावे.

आणखी एक, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. "छोटीशी गाठ आहे, इथेच सुई देऊन काढून टाकू," असे कोणी म्हटले तर थांबा. मानेच्या मागच्या बाजूची गाठ अशी सहज म्हणून काढताना अकरावी तार कापली गेल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. गाठ काढायला अर्धा तास लागतो. पण त्यानंतर तो माणूस डोक्यावर भारा उचलू शकत नाही, उंच फळीवरचा डबा काढू शकत नाही, न्हाणीत डोक्यावर पाणी ओतू शकत नाही. शेतात राबणाऱ्याचा खांदा गेला म्हणजे अर्धी कमाई गेली. म्हणून गाठ कशाची आहे हे आधी ठरावे, मग सुरी.

हे ठरवायचे कसे? आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाकडे चिठ्ठी मिळेल. तिथे आधी तोंड, घसा आणि स्वरतंतू नळीतून पाहतात. मग सोनोग्राफी करतात. तिने गाठ भरीव आहे की पाण्याची, तिच्यात रक्ताचा ओघ किती, हे कळते. रोहिणीवरची रक्ताळ गाठ इथेच बरीचशी ओळखू येते. तिच्यात न कळता सुई खुपसणे धोक्याचे, म्हणून सोनोग्राफी आधी आणि सुई मागून, हा क्रम बरा.

त्यानंतर बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढून तपासतात. क्षय आणि कॅन्सर ओळखायला ही तपासणी फार उपयोगी पडते. सुईने कॅन्सर पसरतो ही समजूत खोटी आहे. त्या भीतीने तपासणी टाळू नका. मज्जातंतूच्या गाठीत मात्र सुईचे उत्तर पुष्कळदा अर्धवट येते. पेशी थोड्या निघतात, "निश्चित सांगता येत नाही" असा कागद हाती पडतो. सुई टोचताना हातात किंवा कानाकडे वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर ती डॉक्टरला लगेच सांगा. ती कळही एक पुरावा आहे. सुईने कळत नाही म्हणून गाठीचा तुकडा कापून काढणे मात्र योग्य नव्हे. त्याने तारेला इजा होते आणि पुढच्या शस्त्रक्रियेत आवरण सापडणे कठीण जाते.

अशा वेळी एम.आर.आय. हे यंत्र मदतीला येते. त्यात क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने आतले चित्र काढतात. यंत्राचा आवाज मोठा असतो, नळीत अर्धा-पाऊण तास निश्चल पडावे लागते, पण दुखत काही नाही. अंगात जुनी धातूची वस्तू किंवा हृदयाचे यंत्र बसवलेले असेल तर आधी सांगावे. या चित्रात एक मौजेची गोष्ट दिसते. व्हेगस ही रोहिणी आणि नीला यांच्या मध्ये असते, असे मघाशी सांगितले. तिच्यावर गाठ आली, तर ती त्या दोघींना एकमेकींपासून फाकवते. डोळ्याची साखळी त्या दोघींच्या मागे असते. तिच्यावरची गाठ दोघींना न फाकवता जोडीने पुढे ढकलते. एवढ्यावरून शल्यचिकित्सक सुरी हाती घेण्यापूर्वीच, गाठ कोणत्या तारेवर असावी, याचा बराचसा अचूक अंदाज बांधतो. आणि तार कोणती हे आधी कळले, म्हणजे रुग्णाला काय गमवावे लागेल हेही आधी सांगता येते.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. समजा, एका प्राथमिक शाळेत शिकवणारे पंचेचाळीस वर्षांचे गुरुजी आहेत. मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आहे. दुखत नाही, आवाज खणखणीत आहे. तपासणीत गाठ व्हेगसवरची, बहुधा श्वानोमा, असे निघाले. घरचे म्हणतात, "नको ती ब्याद, काढून टाका." शेजारी म्हणतात, "सुरी लावली की पसरते, हात लावू नका." गुरुजींनी काय करावे?

गाठीला विरघळवणारे औषध आज नाही, हे प्रथम सांगतो. काढायची असेल तर शस्त्रक्रिया हाच मार्ग. जुन्या पद्धतीत गाठ तारेसकट कापून काढीत. त्याने गाठ समूळ जाते. पण व्हेगस गेली म्हणजे त्या बाजूचा स्वरतंतू कायमचा थांबतो. कापलेली टोके जोडता येतात, दुसरी तार आणून सांधा भरता येतो. तरी स्वरतंतूची पूर्वीची चपळाई सहसा परत येत नाही. आज शक्य तिथे दुसरी पद्धत वापरतात. भुईमुगाच्या शेंगेला लांबीच्या दिशेने चीर द्यावी, आतला दाणा काढून घ्यावा आणि टरफल तसेच ठेवावे, तसे गाठीचे आवरण धाग्यांच्या दिशेने उघडून आतला गोळा सोडवून काढतात. धागे आवरणावर पसरलेले असतात, असे सुरुवातीला म्हटले ते याचसाठी. आवरण राहिले म्हणजे धागे राहिले. चीर कुठे द्यावी हे ठरवण्यासाठी बारीक विजेच्या चाचणीने धागे जागे आहेत की नाहीत हे शस्त्रक्रिया चालू असतानाच पाहतात. या पद्धतीत आवाज वाचण्याची आशा पुष्कळ वाढते. पण हमी मिळत नाही. काही दिवस, काही महिने, क्वचित कायमचा आवाज घोगरा राहू शकतो. आवरण मागे राहिल्याने गाठ पुन्हा होण्याची थोडी शक्यताही उरते, म्हणून अधूनमधून दाखवावे लागते.

तेव्हा गुरुजींच्या पुढे दोन्ही पारड्यांत काहीतरी आहे. एका पारड्यात सावकाश वाढणारी साधी गाठ. दुसऱ्या पारड्यात चाळीस मुलांच्या वर्गात रोज पाच तास लागणारा आवाज. अशा वेळी थांबून लक्ष ठेवणे हा सुद्धा उपचारच आहे, आणि तो डॉक्टरांनी आळसाने सांगितलेला नसतो. पहिली पुन्हा तपासणी सहा महिन्यांनी, मग वर्षाकाठी, असे मोजमाप ठेवायचे. गाठ जागच्या जागी असेल तर तिला राहू द्यावे. ती जोराने वाढू लागली, गिळताना किंवा श्वास घेताना अडथळा झाला, दुखू लागली, आवाज आपणहून बिघडू लागला, मणक्यात शिरली, किंवा कॅन्सरची शंका आली, तर मग थांबू नये. गाठ फार मोठी होऊ दिली तर तार वाचवणे अवघड जाते, हीही दुसरी बाजू आहे. म्हणून निवड रुग्णाने आणि शल्यचिकित्सकाने समोरासमोर बसून करावी.

शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी प्रत्येकाने पाच प्रश्न विचारावेत. गाठ कोणत्या तारेवर असावी? आज न काढता थांबले तर काय होईल? तार वाचवण्याचा प्रयत्न होणार आहे का? ती गेली तर मला काय करता येणार नाही? आणि ते भरून काढायला पुढे काय उपाय आहेत? हे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपला आजार त्यात बसतो का, कोणते कागद लागतील, हे त्याला आधी विचारावे.

काढलेली गाठ पुढे प्रयोगशाळेत जाते आणि तिथे तिचे खरे नाव पक्के होते. तो अहवाल घेतल्याशिवाय घरी येऊ नका, आणि आल्यावर पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाजवळ जपून ठेवा.

शस्त्रक्रियेनंतर आवाज बसला तर निराश होऊ नये. आवाजाचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञ असतात. थांबलेल्या स्वरतंतूला सुईने भर देऊन किंवा लहानशा शस्त्रक्रियेने मध्यावर आणून बसवता येते. मग दुसरा स्वरतंतू त्याला भेटतो आणि आवाज बराच सुधारतो. ठसका लागत असेल तर घोट लहान घ्यावेत, जेवताना बोलू नये आणि मान कशी ठेवावी हे तज्ज्ञाकडून शिकून घ्यावे. डोळ्याच्या साखळीवरची गाठ काढली तर पापणी किंचित उतरलेली राहते. दिसण्यात फरक पडतो, पण नजर बहुधा शाबूत राहते. अशा काही रुग्णांना जेवताना पहिला घास चावताक्षणी कानाखाली सणक येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ती थांबते. हे ठाऊक नसले म्हणजे माणूस घाबरतो, गाठ परत आली म्हणतो. तसे नसते. तंतू बिघडल्याचा तो परिणाम असतो आणि पुष्कळांत काळाने कमी होतो.

आता शेवटचा भाग शिक्षक बंधुभगिनींसाठी. न्यूरोफायब्रोमा काही लोकांत एकटादुकटा न येता अंगभर येतो. फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन वैद्याने १८८२ साली या रोगाचे वर्णन केले. सुमारे तीन हजार जन्मांमागे एका मुलाला तो असतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. पण जवळजवळ अर्ध्या रुग्णांच्या घरी आधी कोणालाच नसतो. त्याची पहिली खूण गाठ ही नसते. मुलाच्या अंगावर दुधाच्या चहासारख्या रंगाचे सपाट डाग असतात. एखाददुसरा डाग कोणालाही असतो. पण लहान मुलाच्या अंगावर अर्ध्या सेंटिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक डाग दिसले, काखेत बारीक ठिपके दिसले, तर शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला ते मूल जरूर दाखवा.

अशा मुलांपैकी पुष्कळांना वाचन, गणित किंवा एका जागी लक्ष लावणे जड जाते. त्यांना ढ म्हणू नका. त्यांच्या मज्जासंस्थेचा तो गुण आहे, आळसाचा नव्हे. आणि वर्गातल्या इतर मुलांना सांगा, की हे डाग आणि गाठी शिवल्याने लागत नाहीत, ते कोड नव्हे, कुष्ठ नव्हे, कोणाचे पापही नव्हे. एका मुलाच्या शेजारी कोणी बसत नाही, हे दुःख कोणतीही शस्त्रक्रिया काढू शकत नाही. ते गुरुजींनाच काढता येते.

या मुलांची एखादी गाठ एकाएकी वाढू लागली, रात्रंदिवस दुखू लागली, कठीण झाली किंवा हातापायाचा जोर गेला, तर त्वरा करावी. कारण या रोगात गाठीचे कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याचा धोका साध्या श्वानोमापेक्षा बराच जास्त असतो. काढता न येणाऱ्या, जाळ्यासारख्या पसरलेल्या गाठींसाठी सेल्युमेटिनिब नावाचे औषध २०२० साली अमेरिकेत प्रथम मान्य झाले. त्याने गाठी आकसतात, नाहीशा होत नाहीत. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. तरी जिथे काहीच नव्हते तिथे काहीतरी आले, हे लहान समाधान नव्हे.

श्रोतेहो, सांगितलेल्यातले सारे लक्षात राहिले नाही तरी चालेल. एवढे मात्र राहू द्या. मानेतली गाठ दोन आठवड्यांत ओसरली नाही तर दाखवा. बिब्बा नको, डाग नको. आधी तपासणी, मग नाव, मग निर्णय, आणि सर्वांत शेवटी सुरी. सुरी चालवणाऱ्याला विचारा, की ही तार कशाची. आपल्या शेतातून जाणारी विजेची तार तोडण्यापूर्वी आपण विचारतो ना, की हिच्यावर कोणाचा पंप चालतो? मग आपल्याच मानेतल्या तारेविषयी तेवढी चौकशी करायला काय हरकत आहे?